नूरजहां मणेरचा नंबर

कोरेगावच्या पेठेत सिकंदर मणेराचं बांगड्यांचं दुकान होतं, पण धंदा चालायचा तो त्याच्या बायकोच्या जिवावर. दुकानात गादीवर सिकंदर बसायचा, नाहीतर त्याची आई जैनबबी. नूरजहां मात्र पेटी घेऊन गावं धरायची. कुमठे, एकंबे, रहिमतपूर, कुठं लग्न, कुठं डोहाळजेवण, तिला आवतण ठरलेलं. बाईचा हात हातात घेतला की माप तिला कळायचं. अंगठ्याखालचं हाड जरा दाबायची, बोटं मुडपायची, आणि ज्या हातात दोन-सहाची बांगडी जाणार नाही असं सगळ्यांना वाटायचं त्यात त्याहून लहान दोन-चारची चढवायची. काच टिचायची नाही, कातडी सोलायची नाही. "भाभीच्या हाताला हाडंच न्हाईत," असं बायका म्हणायच्या.

शहाण्णवच्या श्रावणात तिची पावलं सुजली. बारा गावं पायाखाली घालणाऱ्या बाईचे पाय सुजले यात कुणाला नवल वाटावं? तिलाही वाटलं नाही. मग सकाळी तोंड सुजायला लागलं, अन्नाचा वास नकोसा झाला, आणि रहिमतपुरात एका लग्नघरी चुडा भरता भरता ती बसल्या जागी कलंडली. साताऱ्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, रक्तदाब कितीतरी वर्षं वाढलेला असणार, कुणी मोजलाच नाही. नूरजहां तेव्हा छत्तीस वर्षांची होती. पोटी एकच मुलगी, तरन्नुम, पंधरा वर्षांची, दहावीला.

नूरजहांचं माहेर सांगलीचं. विश्रामबागेत तिचा धाकटा भाऊ तारिक राहायचा, एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होता. त्याच्याच ओळखीनं तिथल्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून दोनदा. पहाटेची पॅसेंजर कोरेगाव स्टेशनातून पकडायची, दुपारी मशीनवर पडायचं, रात्री परत. डाव्या मनगटात शीर आणि धमनी एकत्र शिवली, म्हणजे सुई टोचायला जाड नळी तयार होते. त्या जागी कान लावला तर आत चक्की फिरल्यासारखी घरघर ऐकू यायची. डॉक्टरांनी बजावलं, या हातानं ओझं उचलायचं नाही, या हातावर डोकं ठेवून झोपायचं नाही, आणि या हातात बांगडी घालायची नाही.

तिनं डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या. पुढच्या महिन्यात एकंब्याला पाटलांच्या लेकीला चुडा भरायला गेली. नवरीची आई, लालासाहेब पाटलांची बायको मनुबाई, तिच्या त्या उघड्या हाताकडं बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाभी, राग मानू नगंस. आज तू नगं भरूस. पेटी हितं ठेव, आमच्यातलीच कुनीतरी भरंल."

"आवं, नवरा जित्ता हाय माजा," नूरजहां म्हणाली. "डाक्टरनं काढाय लावल्यात."

"त्ये खरं गं. पर बगनाऱ्याला काय दिसतंय?"

नवरीनं पुढं केलेला हात मागं घेतला. नूरजहां पेटी उघडून भिंतीला टेकून बसून राहिली, आणि तिच्या पेटीतल्या बांगड्या दुसऱ्या बायकांनी नवरीच्या हातात कशाबशा कोंबल्या. चार फुटल्या. तेवढी बातमी फिरायला पुरली. सहा महिन्यांत तिला आवतणं यायची थांबली.

मशीन हा काही इलाज नव्हे, किडनी बदलायला हवी, हे डॉक्टरांनी पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. रक्ताचं माणूस देऊ शकतं, नवरा देऊ शकतो. तारिकनं तपासून घेतलं, त्याचा रक्तगट जुळला नाही. आईबाप कधीच वारलेले. सिकंदरचा जुळला. दोघंही ओ. डॉक्टरांसमोर सिकंदर स्वतःहून म्हणाला, "माजी घ्या की मग. एक काढली तर काय बिगडतंय?" डॉक्टर म्हणाले, काही बिघडत नाही. परत येताना गाडीत सिकंदरनं तिला खिडकीजवळ बसवलं आणि तिच्या पायावर आपली शाल घातली. सतरा वर्षांच्या संसारात तिला इतकं सुख कधी वाटलं नव्हतं.

जैनबबीला कळलं त्या रात्री चूल पेटली नाही. म्हातारीनं ऊर बडवला नाही की आरडाओरडा केला नाही. ती उंबऱ्यावर बसून एवढंच म्हणाली, "एक मानूस जाया निगालंय. त्याच्या पाटी दुसरं कशापायी?" हेच ती रोज म्हणायला लागली. जेवताना, दुकान उघडताना, नमाज झाल्यावर. सिकंदर ऐकून घ्यायचा आणि गप्प राहायचा. नूरजहांनं त्याच्या गप्प राहण्याचा आपल्याला सोयीचा अर्थ लावला.

फेब्रुवारी सत्त्याण्णवमध्ये पुढच्या तपासण्यांसाठी पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलनं दोघांना बोलावलं. कोरेगावातून पहिल्या गाडीनं दोघं साताऱ्याला आले आणि पुण्याच्या गाडीत बसले. कागदांची पिशवी नूरजहांच्या मांडीवर होती. गाडी सुटायला दहा मिनिटं होती.

"च्या आनतो," सिकंदर म्हणाला. "तू घेशील घोटभर?"

"घोटभरच. जास्ती नगा आनू."

तो उतरला. कंडक्टरनं तिकिटं फाडली, ड्रायव्हर येऊन बसला. नूरजहांनं खिडकीतून बघितलं तर सिकंदर दिसला. पेपरच्या टपरीआड, गाडीकडं पाठ करून उभा होता. तिनंच ईदला घेतलेला चौकड्याचा शर्ट. त्याच्या हातात चहाचा कप होता आणि तो पीत नव्हता. नुसता धरून उभा होता.

"आवं बाई, तुमचं मानूस आलं का?" कंडक्टरनं विचारलं.

तिला हाक मारता आली असती. वीस पावलांवर होता. पण तिला एकदम कळलं की हाक मारली तर तो वळून बघेल, आणि वळून बघितल्यावर त्याला यावं लागेल, नाहीतर येणार नाही असं तोंडानं सांगावं लागेल. ती कंडक्टरला म्हणाली, "मागच्या गाडीनं येतील. जाऊ द्या."

घंटी वाजली. गाडी स्टँडातून वळताना टपरी अगदी जवळून गेली. सिकंदरची मान आणखी खाली गेली, एवढंच.

पुण्यात ती दुपारी चारपर्यंत हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिली. कारण आपण बघितलं ते खरं नसावं असं तिला वाटत होतं. मागची गाडी आली असेल, त्याच्या मागची आली असेल. शेवटी हॉस्पिटलच्या समाजसेविका बाई स्वतः तिच्यापाशी आल्या.

"तुमचे मिस्टर कुठे आहेत?"

"गाडी चुकली त्यांची."

बाईंनी तिच्याकडं नीट बघितलं. त्यांना अशा चुकलेल्या गाड्या ठाऊक असाव्यात. त्यांनी तिला आत नेलं आणि सांगितलं की घरातलं कुणी नसेल तर आणखी एक वाट आहे, पण लांबची. एखाद्याला अपघात होतो, डोक्याला मार लागतो, मेंदू मरतो आणि बाकीचं शरीर मशीनवर चालू असतं. अशा वेळी घरचे तयार झाले तर किडनी मिळते. कायदा नवा आहे, लोक तयार होत नाहीत, वर्षाला मोजक्याच मिळतात. यादीत नाव घालता येईल. रक्तगट आणि नोंदणीची तारीख बघून नंबर लागतो.

"फोन आल्यापासून सहा तासांत इथे हजर व्हावं लागेल. फोन नंबर द्या. पक्का द्या, मावशी, तुमचं सगळं त्याच्यावर आहे."

नूरजहांला एकच नंबर पाठ होता. दुकानाच्या पाटीवर रंगवलेला, नवऱ्याच्या नावाखालचा. तिनं तो सांगितला. बाईंनी जाड रजिस्टरमध्ये लिहिला आणि म्हणाल्या, "तुमच्या गटात तुम्ही अकराव्या."

घरी आल्यावर सिकंदर म्हणाला, "डोकं गरगराय लागलं गं माजं स्टँडावर." ती म्हणाली, "व्हय, उनाचं हुतं." नवराबायकोत त्या दिवसाविषयी तेवढंच बोलणं झालं. पुढं कधी झालं नाही.

जूनमध्ये जैनबबीनं काढलं की एवढा प्रवास आजारी माणसाला झेपत नाही, दवाखाना भावाच्या दारात आहे तर तिथंच राहावं. बोलणं वावगं नव्हतं, म्हणून त्याला उत्तरही नव्हतं. तरन्नुमची अकरावी कोरेगावात, म्हणून ती तिथंच राहिली. सिकंदर ट्रंक घेऊन स्टेशनपर्यंत आला. "फोन आला की लगीच तुज्या भावाच्या पीसीओवर सांगतो," असं त्यानं दोनदा सांगितलं. तारिकच्या घरासमोर भाऊसोचा पीसीओ होता, तो नंबर सिकंदरनं दुकानाच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता. नूरजहांनं तो स्वतः डोळ्यांनी बघितला होता.

मग वाट बघणं सुरू झालं. वाट बघण्याला हिशेब नसतो, पण पाण्याला होता. दिवसाकाठी दोन फुलपात्रं, त्यात चहा आला, औषधाचा घोट आला. उन्हाळ्यात ती ओलं फडकं दातात धरून बसायची. भावजय नळाखाली भांडी घासायला बसली की ती उठून आतल्या खोलीत जायची, पाण्याचा आवाज सोसायचा नाही. भाऊसोच्या पीसीओवर घंटी वाजली की तिचं अंग ताठ व्हायचं. भाऊसो भला माणूस. लांबूनच हात हलवून सांगायचा, "तुमचा न्हाई, आपा."

आणखी एक सवय तिला लागली, ती तिनं कुणाला सांगितली नाही. सकाळी पेपर आला की ती अपघाताच्या बातम्या आधी शोधायची. मोटरसायकल, ट्रक, घाटातली वळणं. जागीच ठार असं लिहिलेलं असलं की तिचं मन उडायचं. 'डोक्याला गंभीर दुखापत' असं असलं की ती बातमी दोनदा वाचायची, वय बघायची. कॉलेजची पोरं विश्रामबागेच्या रस्त्यानं गाड्या पळवायची तेव्हा बाकीच्या बायका "सावकाश रं" म्हणून ओरडायच्या. नूरजहांच्या तोंडून ते निघायचं नाही. नमाजाला बसून हात पसरले की काय मागावं हेच तिला उमगेना. माझ्यासाठी कुणाचं तरी लेकरू मार, असं अल्लाकडं कसं मागायचं? ती नुसतं म्हणायची, "माजा नंबर लाव." त्याचा अर्थ मागणाऱ्यालाही कळत होता आणि ऐकणाऱ्यालाही.

असं सव्वा वर्ष गेलं.

दवाखान्यात मशीन लावायचं काम नागसेन कांबळे करायचा. साताऱ्याकडचा, तिशीतला, हाताचा हलका. त्याच्या सुईला नूरजहां कधी कण्हली नाही. ऑक्टोबर अठ्ठ्याण्णवात एका सोमवारी तो सहज म्हणाला, "ताई, आपले नानासो मास्तर आठवतात? मिरजेकडचे, शेजारच्या बेडवर असायचे? त्यांना पुण्याचा फोन आला. परवा ऑपरेशन झालं."

"त्यांचा गट कंचा?"

"ओ. तुमचाच."

"त्यांनी नाव कवा घातलंतं?"

"ह्याच वर्षी. जानेवारीत." बोलून गेल्यावर नागसेन थांबला. नूरजहांचं नाव मास्तरांच्याही अकरा महिने आधीचं होतं, हे दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

गुरुवारी ती मशीनवर असताना नागसेननं दवाखान्याच्या फोनवरून पुण्याला विचारलं. परत आला तो तिच्याकडं न बघता नळीचा चिमटा उगाच उघडझाप करायला लागला.

"बोल की रं."

"ताई, तुमचं नाव कापलंय."

"कुनी?"

"त्यांनीच. मे महिन्यात." त्यानं चिमट्यावरचा हात काढला. "मयत म्हणून."

नूरजहांला आधी हसू फुटलं. "मग ह्या मशीनवर कोन झोपलंय?"

नागसेननं सगळं विचारून घेतलं होतं. सहा मेला सकाळी अकरा वाजता हॉस्पिटलनं कोरेगावच्या नंबरावर फोन केला होता. वरच्या दहाजणांत कुणाला किडनी मिळून, कुणी मरून, कुणी बाद होऊन तिचा नंबर पहिला आला होता. एका वयस्क बाईनं फोन घेतला. नूरजहां मणेर आहेत का, असं विचारल्यावर ती म्हणाली, ती गेली. कधी, असं विचारल्यावर म्हणाली, वर्ष होत आलं. हॉस्पिटलच्या बाईंनी वाईट वाटलं म्हणून सांगितलं, फोन ठेवला आणि यादीतल्या पुढच्या माणसाला लावला.

दुसऱ्या दिवशी तारिकला न सांगता नूरजहां कोरेगावच्या गाडीत बसली. पेठेत शिरली तेव्हा जैनबबी गादीवर होती, सिकंदर मागं खोकी रचत होता. भिंतीवरचा खडूचा नंबर तसाच होता.

"अम्मा, मे म्हयन्यात पुन्यास्नं फोन आलता?"

"फोन काय रोजच येत्यात. कुटला म्हनून ध्यानात ठिवू?"

"माज्या नावाचा."

म्हातारीनं तपकिरीची डबी बंद केली. "आलता. हाय का म्हनली, म्या म्हनलं गेली. कवा म्हनली, म्या म्हनलं वरीस व्हाया आलं. ह्यात खोटं काय हाय? तू गेलीसच की सांगलीला. जून म्हयन्यात गेलीस."

"मग ती बाई काय म्हनली?"

जैनबबीनं डबी परत उघडली.

"सांगा की अम्मा. फुडं काय म्हनली?"

"वाईट वाटलं म्हनली."

"मानूस सांगलीला गेलं म्हनून कुनाला वाईट वाटतंय? तवा तरी कळलं आसंल तुमास्नी."

जैनबबीनं नजर वळवली नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती. पोराला वाचवायला जे करावं लागतं ते केलेल्या बाईचा चेहरा होता तो. फोन आला असता तर नूरजहां पुण्याला गेली असती. पुण्याला गेली असती तर सही करायला, दवापाण्याला, उठायबसायला नवरा लागला असता. आणि एकदा का तो त्या दवाखान्याच्या दारातून आत गेला की त्याला डॉक्टर सोडतील यावर म्हातारीचा भरवसा नव्हता.

नूरजहां सिकंदरकडं वळली. "तुमी कुटं हुता तवा?"

"हितंच."

"आयकलं?"

"आयकलं." तो खोक्यांशी बोलावं तसा बोलत होता. "मला वाटलं, पुना करतील फोन."

"तुमी करायचा हुता."

"केला आसता. पर त्यांनी इचारलं आसतं."

"काय?"

"की तुमी का देत न्हाई म्हनून."

तरन्नुम दाराशी कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं. कॉलेजातून आली होती, वह्या छातीशी धरलेल्या. ती आत गेली, पिशवीत चार कपडे भरले आणि बाहेर आली. "चल अम्मी. पाचची गाडी हाय." बापाकडं तिनं बघितलं नाही. जैनबबीनं "तरन्नुम" म्हणून हाक मारली, तिला ओ दिली नाही.

पुण्याला या वेळी तारिक बरोबर गेला. समाजसेविका बाई नूरजहांला बघून उठून उभ्या राहिल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वरिष्ठांकडं गेल्या, तासाभरानं परत आल्या. म्हणाल्या, मयत म्हणून काढलेलं नाव जुन्या तारखेनं परत कसं घालायचं, याचा नियमच नाही. असं कधी झालंच नाही. नवीन नोंदणी करावी लागेल, आजच्या तारखेची. आणि मागची नोंद तशी असल्यामुळं हयातीचा दाखला जोडावा लागेल.

"ही काय उभी आहे समोर," तारिक म्हणाला.

"मला दिसतंय हो. कागदाला दिसत नाही."

साताऱ्यात पेन्शनीतले म्हातारे फौजी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला काढतात. त्या नोव्हेंबरात सांगलीत अडतीस वर्षांच्या नूरजहांनं काढला. नवा नंबर लागला तेविसावा.

नागसेननं एकदा सांगितलं होतं की मशीनवर माणूस वर्षानुवर्षं टिकतो, पण तिचं हृदय थकत चाललंय. तिला ते आतून कळत होतं. तेवीस या आकड्यापर्यंत आपण पोचत नाही हेही कळत होतं. त्याच दिवसांत तरन्नुमनं पहिल्यांदा विषय काढला. "अम्मी, मी देते."

"पुना बोललीस तर तोंड फोडीन," नूरजहां म्हणाली. आणि ते तिनं मनापासून म्हटलं.

पण कायद्यानं अठरा वर्षं पुरी लागतात हे तिला ठाऊक होतं, आणि तरन्नुमचा जन्म वीस जूनचा होता हेही. त्या रात्री तिच्या मनानं तिला न विचारता बोटं मोजली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. सात महिने. तिला स्वतःची किळस आली. तिनं कूस बदलली. सकाळी परत मोजून बघितलं, सातच भरले.

त्यानंतर ती मुलीच्या खाण्यावर लक्ष ठेवायला लागली. दुधावरची साय तिच्या वाटीत, भाजी तिच्या ताटात जास्त. तरन्नुमला मार्चमध्ये ताप आला तेव्हा नूरजहां दोन रात्री तिच्या उशाशी बसली. भावजय म्हणाली, आईचं काळीज शेवटी. नूरजहांला ते ऐकवेना, कारण त्या दोन रात्री ती पोरीच्या काळजीनं बसली होती की पोरीच्या आत जे होतं त्याच्या काळजीनं, हे तिला वेगळं करून सांगता आलं नसतं.

जून उजाडला. तरन्नुमनं नागसेनला गाठून रक्त तपासून घेतलं होतं. ओ. तिनं कागद आईपुढं ठेवला. नूरजहां न्हाई म्हणाली. आठ दिवसांनी तरन्नुमनं परत विचारलं, ती परत न्हाई म्हणाली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा नूरजहांनं काहीच म्हटलं नाही.

बातमी कोरेगावला पोचली आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच जैनबबी विश्रामबागेत आली. हातात डझनभर केळी. किडनीच्या रोग्याला केळं म्हणजे विष, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण तिला कुणी सांगितलेलं नसावं. तिनं केळी नूरजहांच्या पुढ्यात ठेवली आणि स्वतः जमिनीवर बसली.

"पोरीला सोड," म्हातारी म्हणाली. "कवळी हाय. प्वाट फाडलेली पोरगी कोन करील? लेकरं कशी व्हतील तिला? तुज्या पाया पडते."

आणि खरंच तिनं हात पुढं केले. नूरजहांनं पाय मागं घेतले नाहीत.

"सोडते की," ती म्हणाली. "सिकंदरला धाडा. त्यांचा गट जुळतोय, डाक्टरनं सांगितलंया. त्यांनी दिली तर पोरीच्या अंगाला बोट लावू देनार न्हाई. आत्ता पीसीओवर जावा आन् फोन करा."

जैनबबी बसल्या जागी गार झाली. तिनं हात मागं घेतले.

"त्याला साकर निगालीया," ती शेवटी म्हणाली. "साकर आसली की घेत न्हाईत म्हनं."

"कवा निगाली?"

म्हातारी उठली, पदर नीट केला. तिनं नातवंडावर जीव टाकला होता, तरन्नुमला तळहातावर वाढवली होती, हे नूरजहांला माहीत होतं. तरी ती उठली. दारातून जाताना तिनं चपला घालायला इतका वेळ लावला की नूरजहांला वाटलं, वळेल. ती वळली नाही.

स्वयंपाकघरातून तरन्नुम बाहेर आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अब्बा आले असते तर तू मला सोडनार हुतीस?"

"व्हय."

"आन् न्हाई आले तर?"

नूरजहांनं मान खाली घातली.

"मला म्होरं करून तू सौदा केलास, अम्मी. दादीनं आपला पोरगा मागं घेतला. तू मातर मला मागं घेतलं न्हाईस." तिचा आवाज चढला नाही. "मी आपल्या मनानं देत हुते. तेवडं तरी माजं राहू द्यायचं हुतंस."

नूरजहां म्हणाली, "नगं देऊस मग." म्हणताना तिचं काळीज इतकं जोरात धडधडलं की पोरीला ऐकू गेलं असावं. तरन्नुम तिच्याकडं बघत राहिली, आणि मग केळी उचलून शेजाऱ्यांना द्यायला निघून गेली. कागदपत्रं मात्र तिनं दुसऱ्या दिवसापासून स्वतःच गोळा केली.

पुण्यात डॉक्टरांनी मायलेकींना वेगवेगळं बसवून विचारलं. तरन्नुमनं सांगितलं, माझ्यावर कुणाची जबरदस्ती नाही. नूरजहांला विचारलं, तुम्ही मुलीला आग्रह केला का? ती म्हणाली, "एकदा बी न्हाई." हे अक्षरशः खरं होतं. सिकंदरनं पोस्टानं संमतीचा कागद पाठवला. सही व्यवस्थित होती, गिचमीड नव्हती.

नोव्हेंबर नव्व्याण्णवमध्ये ऑपरेशन झालं. नूरजहां शुद्धीवर आली तेव्हा काचेच्या खोलीत एकटी होती. अंगभर दुखत होतं, तोंड कोरडं पडलं होतं. पण पहिल्यांदा तिच्या ध्यानात आलं ते खाटेला टांगलेल्या पिशवीचं. नळीतून थेंब थेंब नव्हे, धार लागली होती. पिवळी, स्वच्छ. दोन वर्षांत तिच्या अंगातून चार थेंबही नीट पडले नव्हते. नर्स येऊन पिशवी रिकामी करायची, मापं लिहायची, हसायची. नूरजहां सकाळभर त्या पिशवीकडं बघत होती. दुपारी तिला पाणी दिलं, हवं तेवढं प्या म्हणाले, आणि ती रडली. तिनं डॉक्टरांना दुवा दिल्या, नर्सला दिल्या, नागसेनला निरोप धाडायला सांगितला. डोकं निवळलं होतं, बोटांतले गोळे गेले होते, जेवणाचा वास गोड लागत होता. जगण्याचा असा लोभ तिला एकविसाव्या वर्षीही वाटला नव्हता.

संध्याकाळी दिवे लागल्यावर पाळी बदलली आणि नवी नर्स आली. नूरजहांनं विचारलं, "बाई, माजी पोरगी कशी हाय?"

"बरी आहे. बरगडीपाशी फार दुखतंय तिला, इंजेक्शन दिलंय." नर्सनं तापमान लिहिलं. "सकाळपासून पाच वेळा विचारलं म्हणे तिनं, अम्मीला लघवी झाली का. इकडून काही निरोपच आला नाही, म्हणून शेवटी मघाशी मीच जाऊन सांगितलं."

नूरजहांनं डोळे मिटले. मग जरा वेळानं उघडले, आणि तिची नजर परत पिशवीकडं गेली. ती तेवढ्यात आणखी दोन बोटं भरली होती.